रायरांच्या मळ्याचं नाव

ओळख झाली की रायर गाव विचारत नसत, नावाचा अर्थ विचारत. चेन्नईजवळच्या आवडी गावी, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायला गेलो त्याच दिवशी शेजारच्या दारातून त्यांनी मला विचारलं, "मृणाल म्हणजे काय, अम्मा?"

"ठाऊक नाही. आईला आवडलं म्हणून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाताना सायकल थांबवून सांगून गेले, "कमळाचा देठ. पोरीला तिच्या नावाचा अर्थ सांगू नये, म्हणजे काय!" घराणं तंजावरचं मराठी, बोलणं जुन्या पोथीसारखं, हेल मात्र तमिळ.

निवृत्तीनंतर त्यांनी तिरुवळ्ळूरच्या पुढे आंब्यांचा मळा घेतला, तीन खोल्या बांधल्या. चेन्नईच्या माणसांनी दोन दिवस येऊन राहावं, विहिरीत पोहावं, केळीच्या पानावर जेवावं, एवढीच हौस. चेन्नईजवळ सिरुसेरीत नोकरी करणाऱ्या माधवला, त्यांच्या मुलाला, हे मुळीच पटलं नाही. "या वयात परक्यांची सरबराई कशाला? माझ्याकडे या," म्हणाला आणि वर्षभर मळ्याकडे फिरकला नाही.

इकडे फाटकावरची पाटी कोरीच. पाहुणे चुकून पुढच्या गावी जायचे. मी 'शांतिवन' सुचवलं तर म्हणाले, "मग पोरांनी ओरडायचं कुठं?" कुणाच्या 'ग्रीन व्हॅली'वर, "दरी दाखवा, ठेवतो." 'अतिथी देवो भव' तर त्यांनी उडवूनच लावलं. "देव लांब बसतो. मला स्वयंपाकघरात येणारा माणूस हवा."

एका रविवारी आम्ही तिथं होतो. मुनियम्मा, आधीच्या मालकापासून तिथं राबणारी म्हातारी, शेंगा निवडत होती. जगाला विचारणाऱ्या रायरांनी तिला कधी विचारलं नव्हतं. मीच विचारलं, "या जागेला तुम्ही काय म्हणता?"

"तांगल," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या तळ्याकडे बोट केलं.

रायर उभेच राहिले. "अम्मा, तांगल म्हणजे लहान तळं. पण तमिळात तांगणं म्हणजे पेलणं, आधार देणं! पाणी धरून ठेवतं म्हणून तांगल. चेन्नईच्या पळवन्तांगल स्टेशनावरून शंभरदा गेलो असेन, कधी डोक्यात आलं नाही!"

तिथूनच त्यांनी माधवला फोन लावला, मळ्याचं नाव 'तांगल' ठेवतो म्हणून सांगितलं. पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. "अप्पा, तांगल म्हटलं की लोकांना मनत्तांगल आठवेल, म्हणजे मनातली अढी. लोक हसतील."

 रायर हलकेच म्हणाले, "तीही धरूनच ठेवलेली असते ना रे? ये, इथं आणून ठेव खाली."



पुढच्या शनिवारी माधव रंगाचा डबा घेऊन आला. पाटी त्यानंच रंगवली, वर तमिळ, खाली मराठी. मराठी 'त' जरा कलला होता. रायरांनी तो दुरुस्त करू दिला नाही.

रायर गेले तेव्हा आमची बदली होऊन पुष्कळ दिवस झाले होते. मी फोन केला. माधव म्हणाला, शेवटचा महिना अप्पा मळ्यातच होते. चालवत नव्हतं, तेव्हा रोज सकाळी तो त्यांना दोन्ही हातांवर उचलून तळ्याकाठी नेऊन बसवायचा.

"जड नव्हते हो," एवढंच तो म्हणाला.