पाय ऐकणाऱ्या बाईचा सर्व्हर

…तर ते पुठ्ठ्याचं खोकं आठवडाभर आमच्या पुढच्या खोलीत टेबलाखाली जावयासारखं बसून होतं, आणि सूनबाई येता-जाता त्याला गुडघा लावून बघत होती.

काल जे नव्हतात त्यांच्यासाठी सांगतो. माझी थोरली सून कृत्रिम पाय बनवते. कारखान्यात नाही, घरी. मागच्या खोलीत प्लास्टर, करवती आणि पांढरी धूळ. पुढच्या खोलीत दोन कठड्यांमधली सहा पावलांची वाट. नवा पाय लावलेलं माणूस त्या वाटेवरून चालतं आणि ही पाठ फिरवून, डोळे मिटून उभी राहते. पाय बघत नाही, ऐकते. आधी टाच टेकल्याचा आवाज, मग चवड्याचा. मधेच बारीकसं काही कुरकुरलं की म्हणणार, "आत घासतंय. काढा." बावीस वर्षांत तो कान चुकला नव्हता. कान असा तिखट, आणि जीभ त्याहून. रागावली की घरातली भांडीसुद्धा अंग चोरून बसतात.

हल्ली मापं कॅमेऱ्याने घेतात आणि ती कॉम्प्युटरात राहतात. गेल्या वर्षी तिच्या कॉम्प्युटरची एकुलती एक डिस्क बसली आणि साठ माणसांची मापं गेली. एकेकाला फोन करून पुन्हा बोलवावं लागलं. कुणी दोन गाड्या बदलून आलं, कुणी कुबड्यांवर. सूनबाई प्रत्येकाची माफी मागायची आणि तो गेला की त्या मेलेल्या कॉम्प्युटरला शिव्या घालायची. शिव्या अशा, की मी वहीत लिहून ठेवाव्यात म्हटलं, तर वही घेऊन माझ्याच अंगावर आली.

मग तिने ठरवलं, मोठ्या कंपन्यांत असतो तसला सर्व्हर आणायचा. कपाटात झोपवायचा नव्हे, टॉवरसारखा उभा. त्यात तेच माप दोन डिस्कांवर राहतं. एक गेली तरी दुसरी सांभाळते. त्याची मेमरी म्हणे स्वतःची चूक स्वतःच पकडते. "हा गुण या घरात अजून कुणात नाही," असं ती माझ्या मुलाकडे बघून म्हणाली. तो बिचारा एवढंच बोलला होता, की मापं इंटरनेटवर भाड्याने ठेव.

"लोकांचे पाय मी परक्याच्या घरी ठेवू?"

विषय संपला.

आता पाय करणाऱ्यांची एक रीत असते: पक्का करण्याआधी कच्चा करून लावून बघायचा. त्याच रीतीने तिने दुकानाच्या कागदावरची लांबी-रुंदी घेऊन पुठ्ठ्याचा सर्व्हर कापला. दार उघडतंय? उघडतंय. खुर्ची सरकते? सरकते. डिस्क काढायला पुढून हात जातो? जातो. आठ दिवस तपासून मगच यंत्र मागवलं. पुठ्ठ्याला तोंड नसतं, हे मात्र ना तिच्या लक्षात आलं, ना माझ्या.

खरा सर्व्हर आला आणि बटण दाबताच पिठाची गिरणी सुरू झाली. मी खुर्चीतून उठलोच. दुकानात फोन केला तर टायवाला विक्रेता म्हणाला, "सुरुवातीला करतो मॅडम, मग शांत होतो." झाला शांत, म्हणजे गिरणी थांबली आणि चाळणी चालू राहिली. मागच्या खोलीत ठेवावा तर तिथे प्लास्टरची धूळ. माणसाला चालवताना यंत्र बंद ठेवावं, तर वाटेखालच्या पट्टीवरून पावलाचा भार त्याच यंत्रात नोंदायचा असतो.

"होईल सवय," मी म्हणालो. माझंच चुकलं.

गणित शिकवणाऱ्या एक बाई नवा पाय लावायला आल्या. चालल्या. सूनबाई पाठ करून उभी, शेजारी यंत्राची चाळणी चालूच. ऐकलं, म्हणाली, "छान बसलाय." चौथ्या दिवशी बाई परत आल्या. फळ्यापाशी उभं राहून राहून मांडीला रुपयाएवढी जखम. बाई म्हणतात, "जाऊ दे गं, होतं असं." सूनबाईने जखम धुतली, पट्टी केली, बाईंना दारापर्यंत पोचवलं. मग आत आली, सर्व्हरची वायर उपटली आणि मला म्हणाली, "बाबा, चपला घाला."

गाडीत यंत्र तिच्या मांडीवर. तीस किलो! वाटेत मी एकदा खोकलो, तेही हळूच.

दुकानात टायवाला हसत पुढे आला. "काय झालं काका?" सवाल मला!

"काकांना काय विचारता? यंत्र माझं आहे. तुम्ही म्हणालात, शांत होतो."

"इथे तर येत नव्हता, मॅडम."

"इथे तुमचा एसी, तुमची गाणी, तुमची दहा यंत्रं! इथे हत्ती शिंकला तरी कळायचा नाही!"

"पण हे दोन प्रोसेसरवालं आहे. भविष्याचा विचार करून दिलंय."

"माणसाला दोनच पाय असतात. भविष्यातही. मला एवढं मोठं का गळ्यात मारलंत?"

तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्हीच समजवा."

मी म्हणालो, "मी चौथी पास माणूस. पण तुमच्या जागी असतो ना, तर आधी एसी बंद केला असता."

केला त्याने. गाणी बंद, यंत्रं बंद. दोन गिऱ्हाइकं कुजबुजत होती, तीही सूनबाईने नजरेने बंद केली. मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, डोळे मिटले. "एकेक लावा. आणि मागे चालत राहा."

पहिला लावला. "शिट्टी मारतोय. काढा." दुसरा. "याला दम लागलाय." तिसरा लहानसर, एकाच प्रोसेसरचा, मागे एकच मोठा पंखा. टायवाला चालत होता, घाम पुसत होता. सूनबाईने कान जरा तिरका केला. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "तुमच्या डाव्या बुटाचा तळ टाचेपाशी सुटलाय."

त्याने बूट काढून बघितला. बोट जाईल एवढी फट! दुकानातली सगळी माणसं त्या बुटाभोवती जमली. मला तर टाळ्या वाजवाव्यात असं झालं. पण तिच्या कपाळावरची शीर अजून तशीच होती, म्हणून हात खिशात ठेवले.

तो तिसरा सर्व्हर आमच्या यंत्राच्या बदल्यात घेतला. टायवाल्याने खोकं बांधलं, आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, अजिजीने म्हणाला, "मॅडम, कंपनीचा फोन येईल. पाच तारे द्याल ना?"

सूनबाई म्हणाली, "बाईंची जखम भरली की त्या माझ्या खोलीत चालतील, हे यंत्र चालू असताना. त्यांची टाच मला ऐकू आली तर देईन तारे. नाही आली, तर हे यंत्र तुमच्या दारात असेल आणि त्याच्यावर मी बसलेली असेन. मग मोजत बसा तारे!"