कुशीवर वळवणारी

हॉस्पिटलात तिला सगळेच मावशी म्हणायचे, मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे पेशंटसुद्धा मावशीच म्हणायचे. सत्तावीस वर्षं तिचं काम एकच. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पुसायचं, भरवायचं आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. घरी सासूबाई. अर्धांगवायूने वाचाही गेली आणि चालणंही, त्याला अकरा वर्षं झालेली. म्हणजे ड्यूटीवर जे, तेच घरी आल्यावर. नवरा बसडेपोत टायर बदलायच्या कामाला. माणूस भला, पण आईच्या अंगाला हात लावायला बिचकायचा. "माझ्या हातून तिला लागेल गं," म्हणायचा. आणि लागलंही असतं.

सासूबाई एका मंगळवारी सकाळी गेल्या. मावशी त्यांना डाव्या कुशीवर वळवायला गेली तेव्हा तिच्या हातांना आधी कळलं. तरी तिने वळवलं, चादरीची चुणी काढली आणि मग नवऱ्याला हाक मारली. दुपारी नणंद आली आणि दारातच तिने हंबरडा फोडला. मावशीने तिला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. स्वतः डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. जाता जाता नणंद शेजारणीजवळ म्हणाली, "वहिनीचं काळीज दगडाचं आहे." शेजारणीने ते घडलं तसं मावशीच्या कानावर घातलं. मावशीला त्याचंही काही वाटलं नाही.

काहीच वाटत नव्हतं, हीच अडचण होती. वाईटही नाही आणि सुटल्यासारखंही नाही. दोन तास झाले की पाय आपोआप आतल्या खोलीकडे वळायचे. दारापर्यंत जायची, उभी राहायची, परत यायची. नवरा बघायचा आणि पेपरात तोंड घालायचा.

दोन महिन्यांनी मेट्रनबाईंनी तिला बोलावलं.

"विद्यापीठातले लोक आले होते. पेशंटला वळवणारा रोबोट बनवतायत. त्यांना अनुभवी बाई हवी आहे, तीन महिने. जाशील?"

"जाते."

"अगं, काय करायचं ते विचारशील तरी!"

"काय करायचं?"

"इथे करतेस तेच," मेट्रनबाई म्हणाल्या.

लॅब म्हणजे एक लांबलचक हॉल होता. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या, छताला कॅमेरे, भिंतीकडे वायरींची भेंडोळी. मधोमध हॉस्पिटलातला असतो तसाच पलंग, आणि त्याच्या एका बाजूला लोखंडी चौकटीतून लोंबणारे दोन जाडजूड हात. हातांना राखाडी रबराची गादी चढवलेली, आतून कोमट. पलंगावर पंचावन्न किलोचा बाहुला झोपलेला. त्याचे सांधे माणसासारखे दुमडायचे आणि कातडीखाली कुठे किती दाब पडला ते नोंदवणारी बटणं होती. लॅबमध्ये शिकणाऱ्या मुलांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं.

लॅबचे प्रमुख सर पन्नाशीचे होते. बोलताना समोरच्याला सगळं समजलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट असायचा. "मावशी, आधी आम्ही यंत्राला नियम सांगत होतो. इतका वाक, इतका जोर लाव. खोकं उचलायला ते पुरतं. पण माणूस खोकं नाही, तो ढिला पडतो, ताठरतो, घसरतो. त्यासाठी किती नियम लिहिणार? म्हणून आता जगभर सगळे दुसऱ्या वाटेने चाललेत. नियम सांगायचेच नाहीत. जाणत्या माणसाने काम करून दाखवायचं आणि यंत्राने ते बघून शिकायचं."

"किती वेळा दाखवायचं?"

"सुरुवातीला तीनशे."

"म्हणजे एका पेशंटचे पंचवीस दिवस," मावशी म्हणाली. सरांनी मनात हिशेब केला आणि मान डोलावली.

तिच्या हातात दाब मोजणारे पातळ मोजे चढवले आणि काम सुरू झालं. संगणकापाशी पीएचडी करणारी एक मुलगी बसायची. केसांत कायम पेन्सिल खोचलेली, तोंडाची टकळी चालू. तीच आजोबांना दर वेळी वेगळं झोपवायची. कधी पाय दुमडून, कधी पायथ्याकडे घसरलेले, कधी एक हात पाठीखाली अडकलेला. "यंत्राने सगळं बघितलेलं असलं पाहिजे," म्हणायची. मावशी मान हलवायची आणि वळवायची. तिथे ना कुणी कण्हत होतं, ना कुणाला काही हवं होतं. तिला ते बरं पडलं.

यंत्राने पहिल्यांदा आपल्या हातांनी प्रयत्न केला तेव्हा आजोबा थेट कठड्यावर जाऊन आदळले. सगळे खो खो हसले. मावशीने पुढे होऊन त्यांचं डोकं उशीवर नीट ठेवलं. मग हळूहळू त्याला जमायला लागलं. इतकं की तिच्या खोडीसुद्धा त्याने उचलल्या. मावशीचा उजवा गुडघा दुखायचा म्हणून ती भार डावीकडे टाकायची, तर यंत्रही डावीकडे झुकायला लागलं.

"त्याला गुडघेच नाहीत, तरी लंगडतोय," मावशी म्हणाली.

मुलगी हसून हसून बेजार झाली. मावशीचा चेहरा होता तसाच राहिला.

घरी नवऱ्याने विचारलं, "कसा काय तो रोबोट?"

"तुमच्यापेक्षा बरा. निदान हात तरी लावतो."

तो हसला. त्या दिवसापासून जेवणाची भांडी तो घासायला लागला.

सहाव्या आठवड्यात मुलीने पडद्यावर एक रेघ दाखवली. "मावशी, वळवून झाल्यावर तुमचे हात चार-पाच सेकंद तसेच पाठीवर असतात. इथे बघा, काहीच घडत नाहीये. हे काय करता?"

"काही नाही."

"मग कापून टाकू? वेळ वाचेल."

"काप."

कापलं. पुढच्या आठवड्यात धडधाकट माणसं पलंगावर झोपवून चाचण्या झाल्या. सहा जण आले. कुणालाही लागलं नाही, दाब सगळा मावशीच्या दाबाइतकाच. पण वळवल्यावर सहाही जणांनी श्वास रोखून धरला आणि कठडा घट्ट पकडला. एकजण तर म्हणाला, "पुन्हा नको." सरांनी आकडे तीनदा तपासले. चूक सापडेना. शेवटी ते मावशीजवळ येऊन बसले.

"तुम्हाला काय वाटतं?"

मावशीने यंत्राच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "तो लगेच सोडतो."

"म्हणजे?"

"कुशीवर वळवलं की माणसाला वाटतं, आता आपण पडणार. म्हणून हात ठेवायचा. पाठ सैल पडली की काढायचा."

"सैल पडली हे कळतं कसं?"

"कळतं."

मुलगी उठून उभी राहिली. "मावशी! मी कापू का विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुझं काम तुला कळतं."

"आणि हे तुम्हाला शिकवलं कुणी? हॉस्पिटलात?"

"सासूबाईंनी. बोलता यायचं नाही त्यांना. घाबरल्या की माझी बाही धरून ठेवायच्या. सोडली की समजायचं, झालं."

"आता कशा आहेत त्या?"

"वारल्या." मावशीने मोजे पुन्हा चढवले. "चल, आजचे किती राहिले?"

मुलीने पडद्यावरचा आकडा सांगितला आणि आजोबांना पुन्हा उताणं झोपवलं.

यंत्राला थांबायला शिकवण्यात पुढचा महिना गेला. चार सेकंद म्हणजे चार सेकंद, असं ठरवून चालेना. माणसागणिक वेळ वेगळी. तेव्हा पाठीचा ताण आणि श्वास हातांनीच ओळखायचा, अशी युक्ती सरांनी काढली. त्यातही गंमत झाली. एके दुपारी सगळे डबा खायला गेले आणि परत येऊन बघतात तर यंत्र आजोबांच्या पाठीवर हात ठेवून तासभर तसंच उभं. आजोबा सैल पडत नव्हते, आणि ते सोडत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात मावशी आपणहून म्हणाली, "मी झोपून बघते."

चपला काढून ती पलंगावर उताणी झाली. हात आले, एक खांद्याखाली, एक कमरेखाली. तिचं अंग उचललं गेलं आणि तोंड भिंतीकडे झालं. पाठीवर दोन कोमट तळवे राहिले. अर्धं मिनिट झालं. एक मिनिट. सर बंद करायच्या बटणाकडे गेले तशी मुलीने त्यांचा हात धरला. मावशी भिंतीवरचा स्विचबोर्ड बघत होती. त्याचा एक स्क्रू नाहीये, असं तिच्या मनात आलं, दुसरं काही आलं नाही. हात केव्हा निघाले ते तिला कळलं नाही. तीन मिनिटं झाली होती, असं मुलीने नंतर सांगितलं.

"कसं वाटलं?" सरांनी विचारलं.

"चांगलं आहे. कमरेखालचा हात जरा आधी यायला पाहिजे," मावशी म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

हॉस्पिटलात परत आल्यावर सहा महिन्यांनी तसं एक यंत्र चाचणीसाठी वॉर्डात आलं, कोपऱ्यातल्या दोन खाटांपुरतं. नवीन मुलींना ते दाखवायचं काम मेट्रनबाईंनी मावशीकडेच दिलं. एकीने हळूच विचारलं, "मावशी, आता आपल्याला घरी बसवतील का हो?"

"खाटा बत्तीस आहेत. त्याच्याकडे दोन. हात धू आणि चल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिने आठ दिवसांची रजा मागितली. सत्तावीस वर्षांत आजारपणाशिवाय ती कधी घरी राहिली नव्हती.

"कुठे गावाला जातेस?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"कुठेच नाही."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि सही केली.

पहिले चार दिवस ती नुसती झोपली. नवरा कामावर जाताना दार अलगद ओढून घ्यायचा. पाचव्या दिवशी दुपारी ती जिन्याच्या पायरीवर संत्री सोलत बसली. वरच्या मजल्यावरची बाई आपल्या मांजराची तक्रार सांगत होती. मांजर म्हणे शेजाऱ्यांकडे जेवतं आणि झोपायला तेवढं हिच्याकडे येतं, वर हिनेच त्याला पांघरूण घालायचं. मावशीला हसू आलं, अगदी आवाज करून. तिचं तिलाच नवल वाटलं. मग तेही ओसरलं आणि तिने दुसरं संत्रं घेतलं.

नवव्या दिवशी सकाळी सातला ती ड्यूटीवर हजर होती.