राखाडी पाठीची सीडी

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळींत सीडी लिहायचं मशीन सगळ्यांत आधी एका काकांकडे आलं. मोठ्या कंपनीत इंजिनियर, बोलणं गोड. गोड बोलणाऱ्याचा मला पहिल्यापासून संशय येतो. जुने कॉम्प्युटर घाऊक घेऊन त्यांचे सुटे भाग विकत मी इथं उभा राहिलो. गिऱ्हाईक फार हसायला लागलं की मी भाव कमी करत नाही.

वडिलांच्या आवाजाची माझ्याकडे एकच कॅसेट होती. गावी भीमजयंतीच्या मिरवणुकीत ते स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. टेप झिजून आवाज डगमगायला लागला होता. येत्या रविवारी आमच्या जयंतीच्या कार्यक्रमात तीच गाणी वाजवायची होती आणि हॉलमध्ये फक्त सीडी प्लेअर होता. म्हणून कॅसेट काकांकडे दिली.

चार दिवसांत कॅसेट परत आली, सोबत सीडी. घरच्या प्लेअरमध्ये घातली, तर त्यानं ती ओळखलीच नाही.

"प्लेअर जुना आहे," बायको म्हणाली. "लगेच भांडायला निघू नका."

मी सीडी उलटी करून खिडकीपाशी धरली. हा माल रोज माझ्या हातातून जातो. कारखान्यात छापलेली सीडी खालून आरशासारखी चंदेरी असते. घरी एकदाच लिहायची असते तिला हिरवट-निळी झाक. तिच्यावर लेझरनं उमटलं की कायमचं. तिसरी पुसून पुन्हा लिहायची. ती राखाडी, आणि उजेड इतका कमी परतवते की जुन्या प्लेअरना वाचताच येत नाही. ही राखाडी होती. महाग असते ती. फुकटात महाग वस्तू कोण कशाला देईल?

तडक त्यांच्या दारात गेलो. "काका, पुसायची सीडी का दिलीत?"

"अरे, ट्रायल होती ती. काही चेंज करायचं असलं तर करता यावं म्हणून. ये, कॉम्प्युटरवर लावतो."

लावली. एकदम गाणंच सुरू झालं. कॅसेटवर आधी वडील खाकरतात, आमच्या वस्तीचं नाव घेतात, मोठ्यानं 'जयभीम' म्हणतात, लोक तसंच उत्तर देतात. मग गाणं.

"सुरुवात कुठंय?"

"ती होय? नॉइज होता, क्लीन केला."

"नॉइज?"

"खरखर होती रे. गाणं महत्त्वाचं ना? तू ना, प्रत्येक गोष्टीत वाकडंच बघतोस."

"खरखर गाण्यातही आहे, काका. ती नाही काढलीत."

त्यांनी गाणं बंद केलं. काकू चहा घेऊन आल्या आणि आमची तोंडं बघून कप ठेवून आत गेल्या.

मी जॅकेटच्या खिशातून सोबत आणलेली कॅसेट आणि हिरवट पाठीची कोरी सीडी काढली. "हिच्यावर. पहिल्या खाकरण्यापासून. मी इथंच बसतो."

"विश्वास नाही म्हणजे."

"नाही."

सगळी कॅसेट वाजून सीडी लिहून होईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.

रविवारी हॉलच्या प्लेअरनं ती सीडी झटकन घेतली. वडील खाकरले, त्यांनी वस्तीचं नाव घेतलं, आणि टेपवरच्या लोकांआधी आमच्या हॉलनंच 'जयभीम'ला उत्तर दिलं. काकांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते मागच्या रांगेत होते. त्यांचे ओठ हलले का, हे बघायला मी मान वळवली. पण तोवर सगळे उभे राहिले होते.