थदडीच्या दिवशी बहिणीला जेवायला नेलं

पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की लोक लोणावळ्याला जाऊन गाडीत बसून राहतात. मी माझ्या धाकट्या बहिणीला उल्हासनगर बघायला बोलावलं. ज्याला सांगितलं तो हसला. उल्हासनगरात बघायचं काय, वालधुनी? ती तर कधी लाल वाहते, कधी निळी, आणि वास रोज तोच.

पण मला तिला गाव दाखवायचं नव्हतंच. मला तिला खोली दाखवायची होती. मी कॅम्प पाचला एका सिंधी बाईच्या घरामागे राहते. नवरा शहाडला कारखान्यात होता तेव्हापासून. माझ्या शेजारची खोली रिकामी झाली होती आणि घरमालकीण भाभी म्हणाली होती, "दीदी, सुट्टी संपेपर्यंत थांबते मी. नंतर एक फॅमिली लाइनमध्ये आहे." म्हणजे सुट्टी संपायच्या आत बहिणीने हो म्हणायला हवं होतं.

बहीण जुन्नरकडे असते. नवरा वारला, दोन मुलगे, दोघांच्या चुली वेगळ्या, आणि ही महिना इकडे महिना तिकडे, जत्रेतल्या पालखीसारखी. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा बघितलं. रात्री सगळ्यांना तव्यावरची भाकरी आणि हिच्या ताटात सकाळची. सून मला म्हणाली, "दात नाहीत ना, दुधात कुस्करून खातात." मला तर हिच्यापेक्षा कमी दात आहेत. मला गरम वाढली, कारण मी पाहुणी. मी बहिणीकडे बघितलं तर ती म्हणाली, "मला अशीच आवडते." बरं म्हटलं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी जेवताना भांडू नये, घास अडकतो.

तेव्हाच ठरवलं, हिला इथे आणायचं आणि तीन दिवस नुसतं गरम खायला घालायचं. तव्यावरून ताटात, कढईतून हातात. म्हणजे आपोआप कळेल.

प्लॅन माझ्या नातीने केला. ती बदलापूरला राहते, कॉलेजात जाते आणि मराठी आणि हिंदी एकाच कढईत तळते. "आजी, तू टेन्शन मत ले, मी सगळं सेट करते. फ्रायडेला आपण फूड वॉक करू."

"म्हणजे काय?"

"चालत चालत खायचं."

आमच्या लहानपणी असं खाल्लं की पाठीत धपाटा बसायचा. आता त्याला इंग्रजी नाव आहे. पण प्लॅन बरा होता. शुक्रवारी सकाळी सिंध्यांचं दाल पकवान, मग कापडबाजार, दुपारी गरम छोले. शनिवारी अंबरनाथचं जुनं देऊळ. रविवारी बारवीचं धरण, येताना जांभूळच्या रस्त्याला कुठेतरी तांदळाची भाकरी आणि कोंबडी. श्रावण आहे, असं नातीची आई, माझी सून, फोनवर म्हणाली. मी म्हटलं, श्रावण कोंबडीला आहे का मला?

त्यात भाभीने घोळ घातला. तिला कळलं बहीण येतेय, तर म्हणाली, "शुक्रवारी पहिलं खाणं माझ्या घरी. मेरी भी बहन हुई ना." मी लगेच हो म्हटलं. भाभीच्या हाताला चव आहे, आणि खोली तिचीच आहे. बहिणीने तिच्या घरी जेवलेलं चांगलं.

बहीण गुरुवारी एसटीने माळशेज उतरून आली. येताना पिशवीत तांदूळ, घेवडा आणि एक कोयता. कोयता कशाला विचारलं तर म्हणाली, "शहर आहे, असूदे." शेजारची रिकामी खोली मी तिला लगेच दाखवली, तर तिने दारातूनच डोकावलं आणि चहा मागितला.

शुक्रवारी आम्ही दोघी सकाळपासून चहावरच होतो, पोट रिकामं ठेवून. बहिणीने ठेवणीतलं लुगडं नेसलं. भाभीकडे गेलो तर घर धुतल्यासारखं स्वच्छ, आणि स्वयंपाकघरातून ना वास ना आवाज. गॅसची शेगडी पुसून चकचकीत, तिला कुंकू लावलेलं, वर दोन फुलं. बहिणीने ते बघितलं आणि माझा दंड धरला.

"आक्का, कोण गेलं यांच्यात?"

"कोणी नाही गेलं."

"चूल बंद हाय. फुलं वाहिलीत."

भाभी हसत आली आणि ताटं मांडायला लागली. जाड गोड पोळी, तिला ते लोलो म्हणतात. बेसनाची तिखट पोळी, तळलेली भेंडी, तळलेलं कारलं, दहीभात, लोणचं. सगळं रात्री केलेलं. सगळं थंडगार. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. थदडी. सिंध्यांचा सण, त्या दिवशी आग पेटवायची नाही, आदल्या रात्री रांधून ठेवायचं आणि दिवसभर तेच खायचं, म्हणजे देवी थंड राहते आणि घरात ताप-गोवर येत नाही. आपल्याकडेही शिळी सात पाळणारे आहेत म्हणतात, आमच्या गावात कोणी नव्हतं. भाभी इतकी वर्षं हा लोलो मला पाठवते. पण तो माझ्याकडे ताटलीत झाकून येतो आणि मी तो तव्यावर तूप सोडून गरम करून खाते. सण कोणत्या दिवशी असतो याची चौकशी मी कशाला करू? आणि आज पाहुणीला ती मुद्दाम बोलावतेय, कारण आज तिला चुलीपाशी उभं राहायचं नाही, निवांत बसता येईल, हेही मला तेव्हा सुचलं नाही.

बहिणीने लोलोला बोट लावलं. बोट परत घेतलं. मान खाली घालून तिने ताटाकडे असं बघितलं, की मला वाटलं आता ही उठते आणि सरळ कल्याण डेपो गाठते. हळूच म्हणाली, "आक्का, शिळंच घालायचं होतं तर एसटीचा धक्का कशाला खायला लावलास?"

मी तिला समजावणार, एवढ्यात भाभीचा मुलगा आला. पन्नाशीचा माणूस, कापडाचं दुकान आहे, पोट त्याच्या आधी खोलीत येतं. तो आमच्यासमोरच पाटावर बसला. भाभीने त्याच्यापुढे तेच ताट ठेवलं. त्याने भेंडी उचलली, बघितली, परत ठेवली.

"अम्मा, थोडी चाय?"

"नहीं."

"आधा कप."

"ठंडा पानी पी."

"दुकान में डोकं दुखता है मेरा."

"कल सुबह चाय पीके दुखना बंद कर देना. आज नहीं."

आणि त्याने खाल्लं. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण खाल्लं. भाभी त्याच्या शेजारी बसून तेच खात होती. सून आतून आली, तिच्या ताटलीतही तेच. सून तर आरामात खात होती, एका हाताने मोबाइल बघत. वर्षातून एक दिवस तिला कोणी पोळी मागत नाही.

बहीण त्या माणसाकडे बघत राहिली. टक लावून. मी तिला कोपराने ढोसलं, पण ती बघतच होती. मग तिने लोलोचा तुकडा मोडला आणि दह्यात बुडवून तोंडात घातला. नंतर दुसरा. मग भाभीला म्हणाली, "ह्ये गोड हाय, आन एक द्या." भाभीला बहिणीच्या बोलीतलं फक्त "द्या" कळलं तरी पुरतं. तिने दोन वाढले. निघताना भाभीने आमच्या तोंडावर गार पाण्याचे चार थेंब उडवले. तीही रीत आहे. बहीण म्हणाली, "बरं झालं, झोप येत व्हती."

नातीचा फूड वॉक बारगळला. बहिणीचं पोट भरलं होतं. कापडबाजारात ती भाव विचारायचाही कंटाळा करत होती, म्हणजे काहीतरी शिजत होतं.

शनिवारी अंबरनाथला गेलो, रिक्षाने. देऊळ जुनं आहे, काळा दगड, भिंतीभर बायका कोरलेल्या, एकीची मान गेलीय, एकीचे हात. "किती बाई नाचवलंय ह्यांना," बहीण म्हणाली. देव खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. तिने वरूनच वाकून बघितलं.

"देव तळघरात का ठेवलाय?"

"जुना आहे."

"जुनं झालं की खालीच ठेवत्यात का सगळीकडं?"

आम्ही दोघींनी वरूनच हात जोडले. गुडघे तुमचेच आहेत, समजून घ्या, असं मी देवाला सांगितलं. बाहेर पडलो तर दहीहंडीचे स्पीकर सगळ्या नाक्यांवर एकमेकांशी भांडत होते. एका गाडीवर वडे तळत होते, वडापाव घेतला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. वडा एवढा गरम की बहिणीची जीभ पोळली.

फुंकर मारत ती म्हणाली, "तुपली भाभी लेकाला च्या दीना."

"हं."

"एवढा बाप्या. दुकान हाय त्याचं. गपगुमान खाल्लं."

"सण आहे त्यांचा."

"मपल्या घरी सण नसतो, आक्का. मी एकलीच खाते."

हे ती पहिल्यांदा बोलली. मी बोलले असते तर तिने लगेच सुनांची बाजू घेतली असती, बहिणींचं असंच असतं. मी माझा वडा संपवला. स्पीकरवर कोणीतरी गोविंदाला खाली उतरायला सांगत होतं.

मग ती म्हणाली, "ती खोली गळती का?"

"गळते."

"कुठं?"

"दारापाशी. आणि भाभी सांगेल गळत नाही, तर ऐकू नकोस."

"नळ?"

"सकाळी येतो. कधी येत नाही."

"मंग बघू," असं म्हणून तिने वडापावाचा कागद घडी करून पिशवीत टाकला.

रविवारी नात छत्री आणि मोठा गॉगल घेऊन हजर. बारवीला जायचं म्हणून. पण निघायच्या आधीच कळलं की पावसाळ्यात धरणाकडे लोक पाण्यात पडतात म्हणून पोलीस अडवतात आणि परत पाठवतात. ती हिरमुसली. तिला वाटलं आम्ही दोघी म्हाताऱ्याही हिरमुसू. पण बहीण म्हणाली, "मला धरण नगं, शेगडी पायजे." मग आम्ही तिघी बाजारात गेलो. बहिणीने शेगडी, तवा, कुकर घेतला. दुकानदार सिंधी, बहीण जुन्नरची, दोघांनी आपापल्या भाषेत एकमेकांना लुच्चा म्हटलं आणि दोघे खूश झाले. नात म्हणाली, "आजी, माझ्या लाँग वीकेंडचे फोटो म्हणजे कुकर?" मी म्हटलं, शिट्टी वाजेपर्यंत थांब, मग व्हिडिओ काढ.

थोरल्याचा फोन आला तेव्हा बहीण भाभीकडून किल्ली घेऊन खोली झाडत होती. "आई, कधी येतेस? पुढचा महिना आमचा आहे." ती म्हणाली, "पुढला म्हयना माझा हाय." तो काहीतरी बराच वेळ बोलत राहिला. तिने फोन खिडकीत ठेवला आणि झाडत राहिली. बोलून झाल्यावर तो आपोआप बंद झाला.

संध्याकाळी तिने शेगडी लावली. मला वाटलं हाक मारेल. भिंतीपलीकडून फोडणीचा आवाज आला, लसूण, मिरची, मग पिठल्याचा वास. मी ओट्यावर बसले होते, हात धुऊन. दार लोटलेलं होतं. ती एकटी जेवली. भांडं खरवडल्याचं मला ऐकू आलं. मी रागावले नाही, कढईतलं पहिलं गरम तिचंच होतं. म्हणजे थोडी रागावले, कारण मी माझ्यापुरता भातही लावला नव्हता. शेवटी उठून लावला. बहीण बाहेर आली तेव्हा पदराने तोंड पुसत म्हणाली, "तुझा लसूण लई पाणचट हाय इथला."