कोरिनच्या वाटणीचे दहाजण

वॉर्डात नर्सिंगच्या विद्यार्थ्याने चूक केली तर लायसन्स शिक्षिकेचं जातं, म्हणून एका शिक्षिकेमागे दहाच विद्यार्थी, असा आमच्या राज्याचा नियम. माझी मुलगी कोरिन तो कसोशीने पाळायची. कॉलेजात शिक्षिका कमी पडल्या की उरलेल्या दहाजणांना ती शनिवारी वॉर्डात न्यायची, फुकट. केंटकीच्या या डोंगरांत नर्सेसना शिकवायला कुणी मिळत नाही.

म्हणूनच तर शिक्षिका होऊ पाहणाऱ्या नर्सेससाठी ते सरकारी कर्ज होतं. पुढचं शिक्षण त्यावर घ्यायचं, मग चार वर्षं पूर्णवेळ शिकवायचं. मोठा हिस्सा माफ. कोरिनची तीन वर्षं झाली होती. घाटात बर्फ असला की तिची गाडी दिसेपर्यंत मी खिडकीपासून हलायची नाही, पण एकच वर्ष उरलंय म्हणून नोकरी सोड असं म्हणायची नाही.

उन्हाळ्यात विभागप्रमुख मिसेस हॅलबर्टने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"कोरिन, हनी, यंदा तुला पाऊणवेळ ठेवतेय. तुलाच जरा आराम."

पूर्णवेळ शिक्षिकेचा आरोग्यविमा कॉलेजला भरावा लागतो; पाऊणवेळ ठेवलं की तो खर्च वाचतो.

"आणि माझं कर्ज? पूर्णवेळ नसेल तर हे वर्ष धरणार नाहीत."

"ते तू बघ बाई. तसंही या डोंगरातून तू जाणार कुठे?"

कोरिनने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी चुलीपाशी होते. "तिच्या झिंज्याच उपटते," मी म्हटलं.

"ममा, बीन्स करपतायत," ती म्हणाली. मग खुर्चीत बसून बराच वेळ हसली. मला ते हसणं आवडलं नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

ऑगस्टमध्ये दुसरी शिक्षिका सोडून गेली. हॅलबर्टने नवी शोधलीच नाही. कोरिनचा शनिवार तिने गृहीत धरला होता. पहिल्या सोमवारी पहाटे हॉस्पिटलच्या दारात वीसजण उभे. कोरिनने आपले दहा घेतले आणि लिफ्टकडे निघाली.

रँडल नावाचा एक धिप्पाड गडी, खाण बंद पडल्यावर नर्स व्हायला आलेला, मागून ओरडला, "मिस कोरिन, आमचं काय? शनिवारी येऊ ना?"

"शनिवारी मी आराम करते, रँडल. मिसेस हॅलबर्टनीच सांगितलंय."

वॉर्डाचे तास भरले नाहीत तर त्यांना परीक्षेला बसता येणार नव्हतं. त्यांचा काही दोष नव्हता, हे मला कळत होतं. तरी त्या आठवड्यात मला छान झोप लागली. रँडलची बायको आणि बाकीच्यांच्या आया रोज कॉलेजात जाऊन बसू लागल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या घरी हॅलबर्टचा फोन आला.

"कोरिन आहे का?"

"पाऊण आहे," मी म्हटलं. "बाकीची आराम करतेय."

"हे बघा, मुलांचं नुकसान होतंय—"

"माझ्याही मुलीचं होतंय."

कोरिनने फोन माझ्या हातातून घेतला. "पूर्णवेळ. सत्राच्या पहिल्या दिवसापासून धरून. सही झाली की उरलेल्या दहांना दुपारी नेते. शनिवार विसरा."

सही झाली. कोरिनने वर्षभर चोख शिकवलं. वीसच्या वीस पास झाले. रँडल आता रात्रपाळीला असतो. जूनमध्ये कर्ज माफ झाल्याचं पत्र आलं आणि त्याच दुपारी तिने राजीनामा दिला. आता ती नदीपलीकडच्या कॉलेजात शिकवते. रस्ता आणखी लांब झाला, माझा जीव आणखी टांगणीला लागला. ते असो.

तिच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही. गेल्या मंगळवारी पहाटे मी रक्त तपासायला हॉस्पिटलात गेले, तर दारात हॅलबर्ट उभी. नवे कोरे पांढरे बूट, भोवती दहा विद्यार्थी, आणि बीपीचा पट्टा कुठे ठेवलाय ते त्यांनाच विचारत होती.

मी मुद्दाम थांबले. "फार दमलेल्या दिसताय, हनी. पाऊणवेळ मागून बघा ना."

तिने मान फिरवली. मी लिफ्ट सोडून दिली आणि समोरच्या बाकावर बसून हॅलबर्ट वर जाईपर्यंत बघत राहिले.