भोंगा वाजला नाही, म्हणून आई एकटी गेली

जुन्नर-आंबेगावकरांनो, दुपारी घडलेलं घाईघाईनं लिहितेय. टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

परवाच मी इथं ग्रुपवर ऐटीत लिहिलं होतं, एआय म्हणजे नुसतं हत्यार, विळ्यासारखं.

आमच्या वस्तीवर उसाच्या कडेला एआय कॅमेरा बसवलाय. बिबट्या दिसला की खांबावरचा भोंगा वाजतो. कॅमेरा यायच्या आधी जनावरांसाठी घास कापायला एकटं कुणी जायचंच नाही. एकीनं कापायचं, दुसरीनं काठी घेऊन उसाकडं तोंड करून उभं राहायचं.

आज आई एकटीच गेली. मी चहा घेऊन पोचले, तर आमचा कुत्रा टायग्या उसाकडं बघून जीव तोडून भुंकत होता. आणि आई वाकून कापता कापता त्यालाच झापत होती, "गप ए! भोंगा वाजलाय का? मग कशाला बोंबलतो?"

तिच्या मागचा ऊस हलला. वारं अजिबात नव्हतं.

मी किंचाळले, किटली फेकली, आईला ओढतच घरी आणलं. नंतर चुलते काठ्या घेऊन गेले, तर उसाच्या ओल्या सरीत बिबट्याचे ताजे ठसे.

आई म्हणते, "त्याला दिसलं नसंल गं. मशीनच हाय ते."

पण विळा हातात आला म्हणून आईनं भ्यायचं कधी सोडलं नव्हतं. खांबावर मात्र तिनं भ्यायचं कामच सोपवून टाकलं. मला बिबट्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटतेय.

उद्या काठी घेऊन मी उभी राहणार आहे. तुमच्याकडं आता कोण उभं राहतं?