शाळेच्या गेटवर एक जॉबर

२०२४ साल. पावसाळा सरत आला होता, गणपती यायला आठ दिवस होते, तेव्हा मी भिवंडीतल्या एका छोट्या कॅथलिक प्राथमिक शाळेच्या गेटवर ड्युटीला लागलो. त्याआधी चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो. बिघडलेला लूम चालू करून देतो तो जॉबर. कारखान्यात लूमखाली सूतकचरा पडतो. रोज मूठभर. कोणी लक्ष देत नाही, आणि महिन्याने बघावं तर गोणी भरलेली. या शाळेतले किस्से माझ्याकडे तसेच जमले. मी तिसरी शिकलेला माणूस. शिकलेल्या लोकांना शिकवताना बघायची संधी मला उशिरा मिळाली. मी ती सोडली नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लूमने माझा उजवा कान पूर्ण घेतला आणि डावा बराचसा. शाळेत हे कोणाला माहीत नव्हतं. कारखान्यात तसंही कोणाला काही ऐकू येत नाही. तिथे माणूस ओठ बघून समजतो आणि आवाज न काढता उत्तर देतो. नोकरीचं विचारायला गेलो तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टर रोझलिन माझ्या समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मामा, ऐकू नीट येतं ना? गेटवरच्या माणसाचे कान शाबूत हवेत. नसतील तर ठेवता येणार नाही."

"न यायला काय झालं," मी म्हणालो.

गेटची बेल मला ऐकू येत नाही. म्हणून मी खुर्ची गेटकडे तोंड करून ठेवली आणि नजर हलवली नाही. महिन्याभरात सिस्टरनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या स्टाफला सांगितलं, "ड्युटी कशी करावी ते भोईर मामांकडून शिका."

* * *

शाळेत अभ्यास असतो असा माझा समज होता. हल्ली अ‍ॅक्टिव्हिटी असते.

दुसरीचा वर्ग गेटच्या बाजूलाच. दार उघडं असतं, म्हणून मला आतलं सगळं दिसतं. प्रिया मिस ठाण्याहून यायच्या. त्यांची पहिली अ‍ॅक्टिव्हिटी होती 'पाणी वाचवा'.

"दात घासताना नळ बंद ठेवायचा. कोण कोण ठेवतं?"

सगळे हात वर. मिस खूश. "शाब्बास. का ठेवता बंद?"

शेलार गावचा एक पोरगा उभा राहिला. "मिस, पाणी एक दिवसाआड येतं. नळ बंदच असतो."

मग पोस्टर रंगवले. ब्रश आणि फरशी धुवायला सात बादल्या लागल्या. त्या टँकरवरून मी भरून आणल्या. पोस्टर चांगले झाले.

* * *

दसऱ्याच्या आधी मिसनी मुलांना विणकाम शिकवलं. भिवंडीत. मोबाइलवर व्हिडिओ बघून.

रंगीत कागदाच्या पट्ट्या उभ्या चिकटवल्या, आडव्या त्यातून घालायच्या. एक पट्टी वरून, एक खालून. मिसनी पहिली ओळ बरोबर घातली. दुसरीही तशीच घातली. तिसरीही. मग नमुना उचलून वर धरला, तर आडव्या पट्ट्या सगळ्या गळून खाली पडल्या.

वर्गात आरिफ नावाचा पोरगा आहे. बाप यूपीचा, जॉबर. तो शांतपणे म्हणाला, "मिस, दोनों लाइन एक जैसी डालोगे तो कपड़ा नहीं बनेगा. एक के बाद उल्टा जाना पड़ता है."

"आरिफ, व्हिडिओत असंच दाखवलंय."

"तो व्हिडिओवाले को मेरे अब्बू के पास भेजो. खड़े-खड़े सिखा देंगे."

मिसनी डिंक मागवला आणि सगळ्या पट्ट्या चिकटवून टाकल्या. मी चाळीस वर्षांत डिंकाने विणलेलं कापड पाहिलं नव्हतं. तेही पाहिलं.

* * *

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांना बोलावलं. दुसरीतल्या झैनबचा बाप इम्तियाज आला होता. कोकणी मुसलमान, जुनं घर, घराखालीच बारा लूम. मुलगी हुशार दिसते. पण मिस फळ्याकडे तोंड करून बोलायला लागल्या की ती खिडकीबाहेर बघते. त्या वेळी मीही रस्त्याकडे बघतो, ते सोडा.

मिस म्हणाल्या, "हिला दहा वेळा हाक मारा, दगडासारखी बसते. हिचं डोकं मंद आहे. इथे हिचं व्हायचं नाही."

"घरी तर सगळं समजतं तिला, मॅडम."

"घरी अभ्यासक्रम नसतो."

सिस्टर मध्ये पडल्या. मार्चपर्यंत बघू म्हणाल्या. सुधारणा दिसली नाही तर दाखला घेऊन दुसरी शाळा बघा. इम्तियाज गेटमधून बाहेर पडताना माझ्यासमोर थांबला. म्हणाला, "मामू, तिची आई याच शाळेत शिकली. हिला काढली असं सांगायला घरी कोणत्या तोंडाने जाऊ?"

मी गेट उघडून दिलं. 

* * *

सुट्टीनंतर 'भात कुठून येतो' ही सहल निघाली. जवळच्या अंजूर गावाला. मिसना कोणीतरी सांगितलं होतं की तिथे रस्त्याला लागूनच शेत आहे. मी सोबत गेलो, मुलं मोजायला.

शेत होतं, गेल्या वर्षापर्यंत. आता तिथे मातीचा भराव आणि भरावावर जेसीबी. गोडाऊनचं काम. बाजूला कामावर आलेली एक आदिवासी बाई घमेलं उतरवून बघत राहिली. मिसनी तिला विचारलं, "ताई, इथे भात लावायचे ना?"

"मीच लावायचे. औंदा माती टाकते."

मिस मुलांकडे वळल्या. "मुलांनो, डोळे मिटा आणि भाताचं शेत इमॅजिन करा."

मुलांनी डोळे मिटले. जेसीबीवाल्याने तेवढ्यात बकेट वर उचलली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी चित्रं आली. अठ्ठावीस जेसीबी. एका मुलीने भाताचं ताट काढलं होतं, तेही जेसीबीच्या बकेटमध्ये. वहीत प्रश्न होता, भात कुठून येतो? आरिफने लिहिलं, "पहले अंजूर से."

मिसनी चूक दिली. बरोबर उत्तर होतं 'शेतातून'.

* * *

नाताळच्या आधी मुलांनी येशूच्या जन्माचा देखावा केला. सिस्टर वसईच्या, त्यांच्या गावात हा देखावा घरोघरी असतो. त्यांनी गोष्ट छान सांगितली. मारिया आणि योसेफ यांना कुठेच जागा मिळाली नाही, शेवटी गोठ्यात बाळ जन्मलं. मग पुठ्ठे, सुतळी, गवत दिलं आणि सांगितलं, गोठा बनवा.

गोडाऊनांनी भरलेल्या दापोडे गावच्या तीन मुलांनी पत्र्याच्या शेडसारखा मोठा लांब डबा बनवला. पुढे शटर. शटरवर आकडा, गाळा नंबर सात. आत बाळ, बाहेर टेम्पो लावलेला. तीन राजे टेम्पोतून आलेले.

सिस्टरनी विचारलं, "अरे, हा गोठा आहे?"

"सिस्टर, आमच्याकडे गोठे नाहीत. रिकामी जागा म्हणजे गोडाऊनच."

"आणि दारात हा कोण उभा?"

"वॉचमन. त्याने गेट पास मागितला म्हणून राजांना उशीर झाला."

वॉचमनच्या डोक्यावर माझ्यासारखी टोपी होती. सिस्टर हसल्या. मी हसलो नाही. देखावा मात्र त्यांनी चॅपलच्या दाराशी ठेवला. प्रार्थनेला आलेली माणसं येशूआधी मलाच बघून जायची.

* * *

जानेवारीत 'आपले मदतनीस' अशी वेशभूषा झाली. सहा डॉक्टर, चार पोलीस, एक अंतराळवीर. परीक्षक म्हणून बाहेरून एक बाई आल्या होत्या. आरिफ बापाची तेलकट बनियन घालून आला. खांद्यावर सूतकचऱ्याचा बोळा, हातात पाना.

बाई मागे सरकल्या. "तो पाना खाली ठेव बाळा. तू कोण? गॅरेजवाला?"

"जॉबर."

"म्हणजे काय करतोस?"

आरिफने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "मैं छुट्टी करूँ तो आप क्या पहनोगे?"

पहिलं बक्षीस अंतराळवीराला मिळालं. भिवंडीच्या लोकांना रोज मदत करतो तो.

* * *

मग तोंडी परीक्षा. मिसनी पद्धत अशी ठेवली की एकेक मूल पुढे येणार, वर्गाकडे तोंड करून उभं राहणार. मिस त्याच्या समोर खुर्चीवर, वर्गाकडे पाठ करून. वर्गाने तोंडातून आवाज काढायचा नाही.

कोणी काढला नाही. या वर्गातली निम्मी मुलं लूमच्या शेजारी जन्मलेली. मिसनी प्रश्न विचारला की मागच्या अठ्ठावीस पोरांचे ओठ एकदम हलायचे. पुढे उभं असलेलं मूल ते वाचून उत्तर द्यायचं. सातचा पाढा, राज्याची राजधानी, सगळं. गेटवरून मलाही उत्तरं मिळत होती. तिसरीत राहिलेला सातचा पाढा माझा त्या दिवशी पुरा झाला.

मिसनी अहवालात लिहिलं की वर्गात आदर्श शांतता होती. सिस्टरनी तो नोटीस बोर्डावर लावला.

झैनबला त्या दिवशी दहापैकी दहा. मिस स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुक्का लागला असेल."

* * *

फेब्रुवारीत संस्थेचे फादर न सांगता आले. पुढच्या गेटने येतील तर ते फादर कसले. मागच्या छोट्या दाराने आत शिरले, सिस्टरना सोबत घेतलं आणि गेटवरचा माणूस किती जागा आहे ते बघायला माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. हाक मारली. हे मला नंतर कळलं.

मी गेटकडे बघत बसलेलो. बाजूला दुसरीची खिडकी. खिडकीत झैनब. तिचे ओठ हलले, आवाज नाही, कारखान्यात बोलतात तसे. "मामू, पीछे. फादर."

मी उठलो, वळलो आणि कडक सलाम ठोकला. फादर दचकले. सिस्टरना म्हणाले, "माणूस तयार आहे. आम्ही श्वास घेतला तरी कळतं याला."

दुपारी सुट्टी झाली. झैनब गेटपाशी थांबली, माझ्या तोंडाकडे बघत. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मी आवाज न काढता विचारलं, "तुला कसं कळलं, मला ऐकू येत न्हाय?"

तिनेही आवाज काढला नाही. "जैसे मुझे नहीं आता."

बोट ओठांवर ठेवून ती रिक्षात बसली. कोणाला सांगितलं नाही तिने. आणि मीही तीन आठवडे कोणाला काही सांगितलं नाही. मला हे कसं समजलं असं कोणी विचारलं असतं, तर माझी खुर्ची गेली असती. चाळीस वर्षांत मी कोणाचं देणं ठेवलं नव्हतं. सात वर्षांच्या पोरीचं ठेवून बसलो होतो.

* * *

मार्च आला. सिस्टरच्या ऑफिसात मिस, इम्तियाज आणि झैनब. मी चहा घेऊन गेलो. दाखल्याचा अर्ज इम्तियाजच्या हातात, भरलेला. सहीची जागा तेवढी मोकळी.

मिस म्हणाल्या, "मी उगाच बोलत नाही. तुम्हीच बघा." त्या झैनबच्या मागे गेल्या, नावाने हाक मारली, टाळी वाजवली. झैनब समोर चहाच्या कपांकडे बघत उभी. "बघितलंत? लक्षच नाही. ही मंदच आहे."

इम्तियाजने खिशातून पेन काढलं.

मी ट्रे टेबलावर ठेवला. "सिस्टर," मी म्हणालो, "मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. आता मला हाक मारा."

"मामा, हे काय मध्येच? तुम्ही बाहेर थांबा."

"टाळीपण वाजवा. मग ठरवा, मीपण मंद हाय का."

सिस्टरना पुढचं काही विचारायला वेळ न देता मी वळलो. भिंतीवर मदर मेरीचा फोटो होता. काचेत मागची सगळी खोली दिसत होती. सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ उघडले.

मी डोळे मिटून घेतले.

किती हाका मारल्या, मला माहीत नाही. खांद्यावर हात पडला तेव्हा वळलो. सिस्टर होत्या. मिस खाली फरशीकडे बघत होत्या. सिस्टरनी इम्तियाजच्या हातातून तो अर्ज घेतला, दोन वेळा फाडला आणि माझ्या ट्रेमध्ये टाकला.

झैनब माझ्या तोंडाकडे बघत होती.

"फिटलं," मी म्हणालो, आवाज न काढता, आणि ट्रे उचलला.